उताराच्या पोटातली ओल : दरडीचा धोका ओळखायला मातीत नेमकं काय मोजायचं?

पाझर (धागाकर्ता)

गेली सहा वर्षं उतारांमध्ये ओलाव्याचे सेन्सर पुरणं, त्यांचे आकडे उतरवून घेणं आणि त्यांचा अर्थ लावणं हेच माझं काम आहे. दरडींचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पाऊस झाला की दरड येते?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा धागा काढतोय.

दोन पाऊस डोळ्यांसमोर आणा. एक पावसाळ्याच्या तोंडावरचा. तापलेल्या, भेगाळलेल्या मातीवर दिवसभरात १०० मिमी पडतो आणि माती तो गटागटा पिऊन टाकते. दुसराही १०० मिमीचाच, पण त्याआधी पंधरा दिवस झड लागलेली आहे. पर्जन्यमापकाच्या वहीत दोन्ही दिवशी एकच आकडा लिहिला जातो. पहिल्या दिवशी उताराला काही होत नाही, दुसऱ्या दिवशी तो खाली येऊ शकतो.

१९८० मध्ये नेल केन यांनी निरनिराळ्या देशांतल्या उथळ दरडी आणि त्या वेळचा पाऊस यांची सांगड घालून एक उंबरठा मांडला. पावसाची ताशी तीव्रता मिमीमध्ये = १४.८२ गुणिले कालावधीचा (तासांत) उणे ०.३९ वा घात. आकडे घालून पाहा. १० तासांच्या पावसाला ताशी ६ मिमी, म्हणजे एकूण साधारण ६० मिमी. २४ तासांच्या पावसाला ताशी ४.३ मिमी, म्हणजे एकूण १०३ मिमी. याच्या खाली दरड सहसा येत नाही, एवढंच हे सूत्र सांगतं. उंबरठा ओलांडूनही कितीतरी वेळा काहीच घडत नाही, कारण आधीची ओल लिहायला या सूत्रात जागाच नाही.

ती ओल काय करते ते ओल्या वाळूच्या किल्ल्यावरून कळतं. कोरडी वाळू हातात ठरत नाही. थोडी ओली केली की उभी भिंत होते, कारण कणांच्या मधल्या बारीक फटींतलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. ही ओढ म्हणजे सक्शन. त्याच भिंतीवर आणखी पाणी ओता, फटी भरतात, ओढ संपते आणि भिंत बसते. पुढे फटींतलं पाणी कणांना उलट बाहेर ढकलायला लागतं. कार्ल टेर्झागी यांनी १९२०च्या दशकात हेच तत्त्व मांडलं : माती स्वतःला सावरते ती कणांवर येणाऱ्या एकूण भारातून पाण्याचा दाब वजा करून जो उरतो त्याच्या बळावर.

म्हणून माझं म्हणणं असं की आभाळातून किती पडलं याच्या जोडीला उताराच्या पोटात आधी किती होतं आणि नवं पाणी कुठवर उतरलं हे मोजल्याशिवाय इशारा देणं अंधारात चाचपडण्यासारखं आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी अनुभव लिहा, ज्यांना प्रश्न असतील त्यांनी मोकळेपणाने विचारा.

निवळशंख

वाचतेय. वाळूच्या किल्ल्यावरून पटकन कळलं. दरड म्हणजे पाण्याच्या वजनाने डोंगर खाली येतो, असंच आजवर वाटत होतं.

मृदगंध

चांगला विषय. मी शेतीतला माणूस. आमच्याकडे ओलाव्याचे सेन्सर पाणी कधी द्यायचं हे ठरवायला वापरतात. वाफसा आहे की नाही हे आता मुठीत माती दाबून बघण्याऐवजी आकड्यावर बघतो. सेन्सर २० आणि ४० सेंमीवर असतात, कारण पिकाची मुळं तिथे. तेच सेन्सर उतारावर चालतात का? आणि पाझर, निवळशंख ताई म्हणतात ते वजनाचं काय?

पाझर (धागाकर्ता)

मृदगंध दादा, उपकरण तेच चालतं, खोली बदलते.

आधी वजनाचं सांगतो. दोन मीटर जाडीच्या मातीत ओलावा १० टक्क्यांनी वाढला तर चौरस मीटरमागे २०० लिटर पाणी, म्हणजे २०० किलो वाढतं. खुद्द माती तिथे साडेतीन टनांच्या आसपास असते. शिवाय वाढलेलं वजन जसं खाली ओढतं तसं कणांना दाबून घर्षणही वाढवतं. वजनाचा वाटा आहेच, पण दगा होतो तो ओढ जाऊन दाब आल्याने.

आता खोली. उथळ दरडी बहुतेक वेळा मऊ माती आणि खालचा कुजलेला खडक यांच्या सांध्यावरून सुटतात. गिरमिटाने भोक पाडताना हा सांधा हाताला कळतो. वरचा अर्धा मीटर मुठीत गोळा होणारी माती. मग मुरूम लागतो, गिरमिट करकरतं, खांदे भरून येतात. आणि दीड-पावणेदोन मीटरवर ते एकाएकी हलकं फिरायला लागतं. बाहेर काढावं तर पात्याला राखाडी, साबणासारखी बुळबुळीत चिकणमाती लागलेली असते, जेमतेम दोन बोटं जाडीची. त्याखाली खडक. अख्खा उतार त्या दोन बोटांवर टेकलेला असतो. मी पहिल्यांदा तो थर चिमटीत धरला तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

एक सेन्सर या थराच्या किंचित वर हवाच. एक ३० सेंमीवर, पाऊस मुरायला लागला हे कळायला. एक मधे. २० आणि ४० सेंमीचे आकडे पिकाला पुरतात, पण उतार जिथून सुटतो तिथली खबर त्यांना नसते.

निवळशंख

हे सेन्सर पाणी "ओळखतात" कसे? सोप्या भाषेत कोणी सांगेल का?

गिरमिट

मी सांगतो. पदार्थात विद्युतक्षेत्र किती साठतं याचा एक आकडा असतो. हवेचा १, कोरड्या मातीच्या कणांचा साधारण ३ ते ७ आणि पाण्याचा जवळपास ८०. एवढी तफावत असल्याने मातीत थोडं जरी पाणी वाढलं तरी एकूण आकडा ठळकपणे हलतो. टीडीआर प्रकारचं उपकरण धातूच्या दांड्यांमधून स्पंद सोडतं आणि तो जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतं. माती ओली तर स्पंद सावकाश परततो. कपॅसिटन्स प्रकारच्या सेन्सरमध्ये दांड्या आणि माती मिळून एक कपॅसिटर बनतो. तो स्वस्त पडतो, म्हणून जास्त दिसतो.

१९८० मध्ये टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन यांनी या विद्युत आकड्यावरून ओलावा काढायचं समीकरण दिलं. आजही पुष्कळ ठिकाणी तेच चालतं. पण जड चिकणमातीत, क्षार असलेल्या मातीत किंवा दगडगोट्यांच्या मुरूमात ते चुकतं. म्हणून आपल्या उताराच्या मातीवर कॅलिब्रेशन करायचंच. ठराविक मापाच्या नळीने नमुना काढा, ओला असताना तोला, १०५ अंशांच्या भट्टीत २४ तास सुकवा, परत तोला. वजनातला फरक म्हणजे पाणी. त्याला नळीच्या घनफळाने भागलं की घनफळी ओलावा मिळतो, आणि तो त्या वेळच्या सेन्सरच्या आकड्याशेजारी मांडायचा. कोरड्यापासून चिंब मातीपर्यंत असे आठ-दहा नमुने झाले की आपल्या मातीची रेषा तयार होते.

मला हे शिकायला एक अख्खा पावसाळा घालवावा लागला. एका पुरवठादाराने "आमचं कॅलिब्रेशन सगळ्या मातींना चालतं" असं ठामपणे सांगितलं आणि मी मान डोलावली. ऐन पावसात सेन्सर ५८ टक्के दाखवायला लागला. त्या मातीची सच्छिद्रता होती ४४ टक्के. मातीत जेवढी पोकळी आहे तिच्याहून जास्त पाणी मावणार कुठून? चार महिन्यांचे आकडे पुन्हा बसून दुरुस्त केले.

कातळ

मी भूतंत्र अभियंता आहे. धाग्याचा सूर पटतो, पण एक आक्षेप स्पष्ट मांडतो. ओलावा टक्क्यांत मोजणं म्हणजे उताराची ताकद मोजणं होत नाही. ताकद ठरते ओढीवर आणि दाबावर. एक साधा हिशेब देतो, कोणीही कागदावर करून पाहू शकेल.

३५ अंशांचा लांबलचक उतार घ्या. घसरणीचा थर २ मीटरवर. मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, घर्षणकोन ३३ अंश, स्वतःचा चिकटपणा ३ किलोपास्कल. खाली ओढणारा ताण येतो १६.९ किलोपास्कल. वजनामुळे त्या पृष्ठावर काटकोनात पडणारा दाब २४.२.

माती अर्धवट ओली आहे आणि सक्शनमुळे जणू ५ किलोपास्कल जादा चिकटपणा मिळतोय असं धरा. रोखणारी ताकद २३.७ होते. तिला ओढणाऱ्या ताणाने भागलं की सुरक्षांक मिळतो, तो १.४. एकच्या खाली गेला की उतार सुटतो. उतार मजेत उभा.

सक्शन गेलं, पण पाण्याचा दाब अजून आलेला नाही. ताकद १८.७, सुरक्षांक १.१.

आता घसरणीच्या थरावर पाणी साचून उताराला समांतर वाहायला लागलं. किती उंचीचं पाणी झालं की सुरक्षांक १ वर येईल? हिशेब केला तर साधारण ४२ सेंमी. फक्त ४२ सेंमी! पाणी एक मीटरवर गेलं तर सुरक्षांक ०.८५, म्हणजे उतार त्याआधीच गेलेला.

गाठीला बांधायची गोष्ट अशी की १.४ वरून १.१ वर येताना ओलाव्याचा आकडा मोठा बदलतो, सेन्सर ते छान दाखवतो. १.१ वरून १ वर येताना त्या खोलीची माती आधीच भरलेली असते आणि ओलाव्याचा आकडा जवळजवळ हलतच नाही. नेमक्या शेवटच्या टप्प्यात सेन्सर मुका होतो.

पाझर (धागाकर्ता)

कातळ सर, आक्षेप शंभर टक्के मान्य, आणि हिशेबाबद्दल मनापासून आभार. हेच मला पुढच्या प्रतिसादात लिहायचं होतं, तुम्ही जास्त नेटकं लिहिलंत.

म्हणून मी तीन उपकरणांची साखळी मानतो. ओलाव्याचा सेन्सर सांगतो की उतार भरत चाललाय. टेन्शिओमीटर सांगतो की मातीची ओढ किती उरलीय. पीझोमीटर सांगतो की आता उलटा दाब सुरू झालाय. पहिल्याचा आवाज जिथे बंद होतो तिथून पुढचं दुसरा आणि तिसरा बोलतात.

टेन्शिओमीटर म्हणजे पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र सिरॅमिकची टोपी. माती कोरडी होते तशी ती टोपीतून पाणी ओढते आणि नळीतला दाब उणे होतो. तो साधारण ८० ते ८५ किलोपास्कलपर्यंतच मोजता येतो. त्यापुढे नळीत बुडबुडे होऊन पाण्याचा धागा तुटतो. शेतीत ही मर्यादा अडचणीची ठरते, दरडीच्या कामात फारशी नाही, कारण धोक्याचा सगळा खेळ शून्याच्या आसपास चालतो. फक्त दर कोरड्या हंगामानंतर नळी उकळून गार केलेल्या पाण्याने पुन्हा भरावी लागते. साधं पाणी भरलं तर त्यातली विरघळलेली हवा पुढे त्रास देते. आणि दाबमापक जमिनीच्या वर असेल तर टोपीपासूनच्या दर १० सेंमी उंचीला अंदाजे १ किलोपास्कल दुरुस्ती करायची. नव्याने काम करणाऱ्यांकडून ही हमखास राहते. दीड मीटर खोलीवर तेच १५ किलोपास्कल होतात, अख्खा निष्कर्ष फिरतो.

मग ओलावा मोजायचाच कशाला, असं कोणी विचारेल. कारण वेळ. पीझोमीटर दाब दाखवायला लागतो तेव्हा हातात तास असतात, कधी तेही नसतात. ओलाव्याचा आलेख आदल्या आठवड्यापासून सांगत असतो की या उतारात आता पाणी घ्यायला जागा उरलेली नाही.

उतारावरची

मी शाळेत शिकवते. आमची वस्ती उताराच्या पायथ्याशी आहे, म्हणून पहिल्या प्रतिसादापासून जीव टांगणीला लावून वाचतेय. आमच्या अभ्यासगटाला एका महाविद्यालयाकडून तीन सेन्सर आणि त्यांचे आकडे नोंदवून ठेवणारा एक डेटालॉगर मिळालाय. माझा प्रश्न साधा आहे. किती टक्क्यांना घाबरायचं? एक आकडा सांगा, मी फळ्यावर लिहून ठेवते.

कातळ

ताई, असा एक आकडा दिला तर मी तुमच्याशी खोटं बोलेन. वाळूमिश्रित मातीत ३५ टक्के म्हणजे काठोकाठ भरलेली, चिकणमातीत ३५ टक्के म्हणजे अजून बरीच जागा. तुमच्या मातीची सच्छिद्रता किती हे आधी काढा आणि ओलावा तिच्या किती हिस्सा आहे ते लिहा. ०.९ भरलंय, ०.९५ भरलंय, असं. ही भाषा दोन उतारांत निदान तुलना करू देते.

आणि आकड्याइतकाच उतरता आलेख बघा. पाऊस उघडल्यावर खोलचा सेन्सर किती वेगाने खाली येतो? दोन दिवसांत उतरला तर निचरा चांगला. सहा-सात दिवस तसाच वर बसून राहिला तर पुढचा पाऊस त्याच्यावर चढणार. माझ्या अनुभवात जास्त खबर त्या न उतरणाऱ्या आलेखात असते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सेन्सर "ठीक" म्हणतोय म्हणून थांबायचं नाही. उताराच्या माथ्यावर नवी भेग, झाडं किंवा खांब कलणं, कधी नव्हता तिथे झरा फुटणं, वाहता झरा गढूळ होणं किंवा एकदम आटणं, दारं-खिडक्या अडकायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर आधी तिथून निघायचं. आकडे मागाहून बघता येतात.

उतारावरची

समजलं सर. फळ्यावर आकड्याऐवजी तुमचा शेवटचा परिच्छेद लिहिते. सच्छिद्रता काढायला महाविद्यालयातल्या सरांची मदत घेईन.

श्रावणसर

ज्यांच्याकडे सेन्सर नाहीत त्यांच्यासाठी एक भर. जपानची हवामान संस्था मातीतलं पाणी न मोजता त्याचा हिशेब ठेवते. एकाखाली एक तीन टाक्या कल्पायच्या. प्रत्येक टाकीच्या बाजूला छिद्रं आणि तळाला छिद्र. पाऊस वरच्या टाकीत पडतो. बाजूने जातं ते वाहून जाणारं पाणी, तळातून जातं ते खालच्या टाकीत मुरणारं. तिन्ही टाक्यांत मिळून या घडीला किती मिमी पाणी आहे, तो झाला मृदाजल निर्देशांक. दरडींच्या इशाऱ्यांसाठी तिथे तो अल्पकाळातल्या पावसासोबत वापरतात.

त्याहून सोपा घरगुती हिशेब म्हणजे आजचा निर्देशांक = कालचा निर्देशांक गुणिले ०.९, अधिक आजचा पाऊस. ०.९ हा आकडा माती आणि हवामानाप्रमाणे कमी-जास्त करायचा. वही आणि पर्जन्यमापक एवढ्यावर हे जमतं.

उपग्रहही ओलावा मोजतात. २००९ पासून युरोपचा स्मॉस, २०१५ पासून नासाचा स्मॅप. स्मॅप १.४१ गिगाहर्ट्झवर जमिनीतून येणारं सूक्ष्म उत्सर्जन टिपतो. पण त्याची नजर जमिनीच्या वरच्या ५ सेंमीपुरतीच, आणि एका ठिपक्यात दहा-वीस किलोमीटरांहून मोठा पट्टा येतो. त्याचं रडार २०१५ मध्येच बंद पडलं, नाहीतर चित्र थोडं बारीक मिळालं असतं. तरी नासाच्या दरडींच्या जागतिक प्रारूपाच्या दुसऱ्या आवृत्तीत स्मॅपवर आधारलेला ओलावा घेतलाय, पहिल्या आवृत्तीत मुख्य भर पावसावर होता. जगाचा नकाशा रंगवायला ते ठीक. उतारावरची ताईंच्या वस्तीमागचा उतार त्यात दिसणार नाही.

मृदगंध

श्रावणसर, टाक्यांची कल्पना फार आवडली. विहिरीचा हिशेब आम्ही असाच मनात ठेवतो.

पण एक शंका. पाणी नेहमी वरूनच मुरतं असं धरून आपण बोलतोय. आमच्या बांधाला कधी कधी खालूनच पाझर फुटतो, वर माती कोरडी असताना.

पाझर (धागाकर्ता)

दादा, अगदी बरोबर हेरलंत. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात कूस बेजवळ सीबी-१ नावाचं एक छोटं, तीव्र उताराचं पाणलोट आहे. तिथे संशोधकांनी १९८९ ते १९९२ च्या दरम्यान तुषार लावून कृत्रिम पाऊस पाडला, पीझोमीटर, टेन्शिओमीटर सगळं लावलं. त्यात दिसलं की पाणी मातीतून उतरून खालच्या भेगाळ खडकात शिरतं आणि पुढे काही जागी त्याच भेगांतून परत वर मातीत येतं. प्रयोगांच्या पावसात उतार टिकला. नोव्हेंबर १९९६ मध्ये नैसर्गिक वादळी पावसात तोच उतार खाली आला. खडकातून वर येणारं पाणी मोजायचं राहिलं की वरचे सगळे सेन्सर बिनचूक असूनही अंदाज चुकतो.

स्वित्झर्लंडमधल्या रुडलिंगनचा प्रयोगही असाच शिकवणारा आहे. ३८ अंशांचा उतार, २००८ मध्ये दिवसेंदिवस पाणी शिंपडलं, घसरला नाही. खालचा खडक पाणी पिऊन टाकत होता. मार्च २००९ मध्ये शिंपडणीची मांडणी बदलून पुन्हा केलं आणि सुमारे १३० घनमीटर माती सुटली. एकच उतार, वर पाणीच पाणी, आणि दोन वेगळे निकाल.

कातळ

प्रयोगांचा विषय निघालाच आहे तर हेही लिहून ठेवतो. ११ नोव्हेंबर १९७१ रोजी जपानमध्ये कावासाकी इथे दरडींच्या अभ्यासासाठी एका टेकडीवर कृत्रिम पाऊस पाडला गेला. दरड आली, अपेक्षेपेक्षा वेगाने आणि दूरवर आली, आणि पाहणाऱ्यांपैकी १५ जणांचा जीव घेऊन गेली. त्यात संशोधक होते, बातमीदार होते. ज्यांना त्या उताराबद्दल सगळ्यांत जास्त माहिती होती तीच माणसं. पावसात सेन्सर बघायला उतारावर जायचं नाही, हा नियम मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून वदवून घेतो.

निवळशंख

हे वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही.

गिरमिट

कातळ सरांशी पूर्ण सहमत. आकडे घरबसल्या यावेत म्हणूनच बिनतारी लॉगर. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने उतारात खोल नळ्या उतरवून त्यात पीझोमीटर, ओलाव्याचे सेन्सर, कल मोजणारे सेन्सर, जमिनीतली कंपनं टिपणारे जिओफोन बसवले आणि सगळे आकडे बिनतारी जाळ्यातून दूरच्या केंद्रात नेले. अशी मांडणी आता बऱ्याच देशांत होते.

उतारावरची ताई, तुम्ही बसवणार आहात म्हणून हाताच्या चार गोष्टी. शक्यतो खड्डा खणून त्याच्या चढाकडच्या भिंतीत, न हललेल्या मातीत दांड्या आडव्या दाबा. दांडीभोवती नखाएवढी जरी हवा राहिली तरी सेन्सर हवा मोजतो आणि आकडा कमी येतो. काढलेली माती थरांच्या क्रमाने वेगवेगळ्या ढिगांत ठेवा, त्याच क्रमाने परत भरा आणि दर १० सेंमीला ठोकून बसवा. केबल सरळ वर आणू नका. आधी खाली झोका द्या, मग वर, नाहीतर पाणी केबलवरून ओघळत थेट सेन्सरपाशी पोचतं. केबल जाड नळीतून न्या, उंदीर सोडत नाहीत. वाचन १० मिनिटांनी ठेवा, पावसातली चढण तासाच्या वाचनात हरवते.

आणखी एक. ३० सेंमीच्या सेन्सरचा आकडा रोज ठराविक लयीत थोडा वर-खाली हेलकावतो. तो बहुतेक तापमानाचा खेळ असतो. पाणी समजू नका.

उतारावरची

तीन आठवड्यांनी येतेय. सेन्सर बसले! ३० सेंमी, ९० सेंमी आणि १६० सेंमी. सच्छिद्रता महाविद्यालयात काढली, ४६ टक्के आली. परवा रात्री पहिला मोठा पाऊस झाला, साडेपाच तासांत ६४ मिमी. आकडे असे. ३० सेंमीचा सेन्सर पाऊस सुरू झाल्यानंतर ४० मिनिटांत २१ वरून ३४ वर. १६० सेंमीचा ५० मिनिटांत २६ वरून ३८ वर. ९० सेंमीचा पहाटेपर्यंत २४ वरच.

मधल्याला वगळून पाणी एवढ्या लवकर खाली कसं गेलं? सीबी-१ सारखं खडकातून वर येतंय का? रात्रभर झोप लागली नाही. शेजारच्या दोन घरांना सांगून आम्ही सगळे वरच्या समाजमंदिरात गेलो होतो.

पाझर (धागाकर्ता)

ताई, वर गेलात ते अगदी योग्य केलंत. अर्थ नंतर लावता येतो.

आता आकडे. पाऊस सुरू झाल्यापासून ५० मिनिटांत १६० सेंमी ही चाल मातीतून मुरण्याची नाही. तिथे पाणी कुठल्या तरी मोकळ्या वाटेने पोचलं. तीन शक्यता दिसतात. एक, तुम्ही म्हणता तशी खडकातली वाट. पण खडकातून येणारं पाणी सहसा असं पहिल्याच सरीत, ५० मिनिटांत येत नाही. कोरड्या हंगामानंतर तर नाहीच. दोन, जुन्या कुजलेल्या मुळाची पोकळी किंवा खेकड्या-उंदरांचं बीळ. हे खरं असेल तर ती उताराचीच गोष्ट आहे आणि नोंदवायलाच हवी. तीन, तुमच्या परत भरलेल्या मातीतली फट. १६० चा सेन्सर तुम्ही खड्ड्यातून बसवलात की गिरमिटाच्या भोकातून?

उतारावरची

३० आणि ९० चा खड्ड्यातून. १६० पर्यंत खणणं जमलं नाही, म्हणून गिरमिटाच्या भोकातून.

गिरमिट

मग आधी ते भोक तपासा. आभाळ स्वच्छ असेल, दोन दिवस पाऊस नसेल तेव्हाच, आणि कोणीतरी दूर उभं राहून उताराकडे लक्ष ठेवेल अशी व्यवस्था करून. भोकाच्या तोंडापाशी एक बादली पाणी सावकाश ओता आणि लॉगर बघा. १६० चा आकडा काही मिनिटांत उडाला तर वाट तुमच्याच भोकाची. मग भोक पुन्हा उकरून, काढलेल्या मातीत बेंटोनाइट (पाणी लागलं की फुगणारी चिकणमाती) मिसळून, थोडी थोडी टाकत दांड्याने ठोकत भरा. वर वीतभर शुद्ध बेंटोनाइटचं बूच आणि त्यावर मातीचा छोटा उंचवटा, पाणी बाजूला पडेल असा.

उतारावरची

आज सकाळी केलं. पाणी ओतल्यावर सहाव्या मिनिटाला १६० चा आकडा उडाला. भोकाच्या कडेने करंगळी जाईल एवढी फट होती, वरून माती टाकताना मधेच अडकून पुलासारखी बसली होती. सगळं उकरून सरांसोबत परत भरलं, यावेळी प्रत्येक ओंजळीनंतर ठोकून. दुपार गेली.

पाझर (धागाकर्ता)

पहिल्या पावसाचे १६० चे आकडे पुसू नका. शेजारी "भोकातून पाणी" अशी नोंद करून ठेवा. पुढे कोणी तो आलेख पाहील तर त्याला कारण कळायला हवं.

उतारावरची

पुन्हा आठ दिवसांनी. काल दिवसभर संततधार, सकाळी ७ ते संध्याकाळी ६, ७१ मिमी. ३० सेंमी ३५ मिनिटांत चढला. ९० सेंमी पावणेपाच तासांनी हलला, हळूहळू ३३ पर्यंत गेला. १६० सेंमी रात्री ११ पर्यंत होता तसाच, मग चढायला लागला, आज सकाळी ३५ वर आहे. सच्छिद्रतेच्या हिशेबाने ०.७६ भरलंय. अजून चढतोय, हळू. पाऊस उघडलाय. माथ्यावरची पाहणी दुर्बिणीतून केली, नवी भेग दिसत नाही. झरा निवळ आहे. संध्याकाळचे आकडे इथेच टाकते.